हसू सरांचं अर्धंच वाचलेलं पान

सोमवार होता. दिवाळीची सुट्टी संपून नवं सत्र सुरू व्हायचा पहिला दिवस. मी तळमजल्यावर ग्रंथालयात मुलांच्या नव्या कार्डांवर शिक्के मारत बसले होते. जिन्यावरून कुणीतरी भराभर उतरल्याचा आवाज आला आणि दारात सानिका उभी राहिली. रेवसची मुलगी, दुसऱ्या वर्षाला असलेली, हसू सरांच्या लेखनवर्गातली. म्हणाली, "मॅडम, सर मागच्या बाकावर वाकून बसलेत. हाक मारली तर बोलत न्हाईत." ती घाबरलेली नव्हती. उलट जरा संकोचलेली होती, सरांचा डोळा लागला असेल आणि आपण उगाच चहाडी करतोय, असा काहीसा भाव होता तिच्या चेहऱ्यावर. मी मात्र हातातला शिक्का टाकून धावले. कारण त्या कॉलेजात एकट्या मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती मी तीन आठवडे कुणालाही सांगितली नव्हती.

भौतिकशास्त्राच्या सरांच्या गाडीतून आम्ही त्यांना अलिबागला नेलं. शनिवार-रविवार समुद्रावर काढून परतणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, त्यात डंपर... एकही इंच कुणी सरकायला तयार नाही. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे बहुधा त्या बाकावरच सगळं संपलं होतं.

आणि तेव्हापासून ऐकतेय... "शिकवता शिकवता गेले. केवढं भाग्य!" "असं मरण यायला पुण्याई लागते." "खरा कर्मयोगी." ही वाक्यं मला रोज कुणी ना कुणी ऐकवतं, भाजी घेताना, एस्टीत, फोनवर. मी मान डोलावते आणि घरी येऊन भांडी आपटते. हा लेख मी रागानं लिहितेय, हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना हुंदका आणि गहिवर हवा असेल त्यांनी पान उलटावं. हसू सरांचं मरण सुंदर वगैरे नव्हतं. ते टाळता येण्यासारखं होतं. ते टळलं नाही याला ते स्वतः जबाबदार होते, मी होते, आणि त्यांना कर्मयोगी म्हणणारे सगळेही थोडे थोडे होते.

हसुराम घरत हे त्यांचं पूर्ण नाव. खाडीकाठच्या गावातलं आगरी घर. वडील मिठागरावर, आई मिठागरावर, आणि शाळा सुटली की हेही मिठागरावर. आता त्या जागी भराव पडून गोदामं उभी राहिलीत. मी ग्रंथपाल म्हणून लागले त्याच वर्षी ते मराठी शिकवायला आले. मी माणगावकडची, बौद्ध घरातली, इथं कुणाशी ओळख ना पाळख. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सगळे प्राध्यापक एका टेबलाशी आणि मी एकटी माझ्या काउंटरपाशी डबा खात होते, तर हे आपला डबा घेऊन आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे सुकट करताना कोकम घालतात की चिंच?" एवढंच. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एकत्र जेवलो. त्यांच्या बायकोला, मंदावहिनींना, माझ्या हातची भाकरी आवडायची नाही, जाड होते म्हणायच्या, म्हणून त्या माझ्याही भाकऱ्या डब्यात घालून पाठवायच्या.

लेखनाचा वर्ग त्यांनी हट्टानं सुरू केला होता. ऐच्छिक विषय, आठवड्याला दोन तास, त्यातला एक गुरुवारी. कॉलेजच्या लेखी त्याला काडीची किंमत नव्हती. सरांचा त्यात जीव होता. प्रत्येक सत्राच्या पहिल्या दिवशी ते मुलांना एकच गोष्ट लिहायला लावत... आज सकाळी घरातून निघताना तुमच्याशी शेवटचं कोण काय बोललं, ते लिहा. जसं बोललं तसं लिहा. आणि स्वतः मागच्या बाकावर बसून तेही लिहीत. वर्गाचा नियम एकच होता, आणि तो ते इतक्यांदा सांगत की मला खाली ग्रंथालयात ऐकू यायचा, "बाहेर काय थापा मारायच्या त्या मारा. पानावर खोटं बोलायचं न्हाय."

एका वर्षी एका मुलानं लिहिलं होतं, "आय बोलली, डब्यात सुकट हाय, मागल्या बाकावर बसून खा, वास येल." सरांनी ते वाचून दाखवलं नाही. त्यांनी पुढच्या तासाच्या दिवशी घरून सुकट आणली आणि तासाच्या आधी पहिल्या बाकावर बसून, सगळ्या वर्गासमोर, हात चाटत खाल्ली. मग त्या मुलाला बोलावून म्हणाले, "ये, भाकर आणलीस का? मीठ कमी हाय, पण चालेल." तो मुलगा आज पनवेलला शिक्षक आहे. तेराव्याला आला होता. आत न येता अंगणातच उभा राहिला.

असा माणूस. म्हणून तर राग येतो.

दोन वर्षांपासून वर्गाला मुलं मिळेनात. प्राचार्यांनी सांगितलं, संख्या भरली नाही तर वर्ग बंद. मग दर सत्राआधी हे स्कूटर काढून गावोगाव फिरायचे. मुलांच्या आईबापांना भेटायचे, ओटीवर बसून चहा प्यायचे आणि सांगायचे, तुमची पोरगी बरं लिहिते, तिला या वर्गात घाला. या दिवाळीतही फिरले. सानिकाचे वडील रेवसच्या लाँचवर कामाला आहेत. त्यांना भेटायला सर धक्क्यावर गेले होते, तिथं चढावर त्यांना दम लागला. ते बसले. सानिकाच्या वडिलांनी पाणी दिलं. सर म्हणाले, "पित्त झालंय." हे मला सानिकानं नंतर सांगितलं.

पित्त नव्हतं. त्यांनी कुणालाही न सांगता अलिबागला जाऊन तपासून घेतलं. सुट्टीतच, एका दुपारी, ग्रंथालयात मी एकटीच होते तेव्हा ते आले. काखेत वर्तमानपत्रांची गुंडाळी आणि त्यात एक फाईल. म्हणाले, "नंदा, ही तुझ्या कपाटात ठेव." मी उघडून पाहिली. डॉक्टरनं स्वच्छ लिहिलं होतं, आठवड्याच्या आत पनवेलला जाऊन हृदयाची पुढची तपासणी करून घ्या. मी विचारलं, "वहिनींना सांगितलंत?" तर म्हणाले, "न्हाय. आणि तूपण सांगणार न्हायस." मी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, "सत्र सुरू होऊ दे. पहिले दोन आठवडे मी वर्गात नसलो तर पोरं दुसऱ्या विषयाला जातील, वर्ग बंद होईल. मग जातो. शब्द देतो." मी फाईल कपाटात ठेवली. कुलूप लावलं. चावी पर्समध्ये टाकली.

मी शिकलेली बाई आहे. कॉलेजच्या आरोग्य शिबिरात नावं नोंदवून घेणारी, इतरांना "अंगावर काढू नका" म्हणून सांगणारी. तरीही माझ्या मनात त्या दिवशी काय आलं, ते सांगायलाच हवं. माझ्या मनात आलं, काय माणूस आहे, मुलांसाठी जीव टाकतो. मला त्यांचा अभिमान वाटला. ज्या गोष्टीनं त्यांचा घात केला तिला मीही तेव्हा टाळ्याच वाजवल्या.

त्यानंतर मी त्यांना दोनदा आठवण करून दिली. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा चिडले. म्हणाले, "तू काय माझी आय हायस?" मला वाईट वाटलं आणि मी गप्प बसले. मैत्रीत एवढंसं वाईट वाटून घेणं किती महाग पडतं, हे कळायला मला तो सोमवार उजाडावा लागला.

हॉस्पिटलात मंदावहिनी आल्या तेव्हा त्यांच्या पायाला शेतातली माती होती. डॉक्टर तरुण होता, कागद भरत होता. त्यानं विचारलं, "आधी काही त्रास होता का? कुठले रिपोर्ट?" वहिनी म्हणाल्या, "न्हाय हो. त्यांना कदी काय झालाच न्हाय." मी त्यांच्या शेजारी उभी होते. कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये होती. मी काही बोलले नाही. डॉक्टरनं लिहिलं, त्रास नाही, आणि पुढच्या कागदाकडे वळला.

तेराव्यानंतर कॉलेजात शोकसभा झाली. वहिनींना आग्रहानं बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. फोटोला हार, शाल, समई. प्राचार्यांनी भाषणात सरांचं पान काढलं. त्या सोमवारी सरांनी मुलांबरोबर लिहायला घेतलेलं पान सानिकानं बाकावरून उचलून माझ्याकडे दिलं होतं, आणि मी ते प्राचार्यांना दिलं होतं, सबंध, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. प्राचार्यांनी चष्मा लावून वाचलं, "आज सकाळी निघताना मंदा म्हणाली, आज नका जाव, तुमचा चेहरा उतरलाय. मी म्हणालो, पहिला दिवस आहे, पोरं वाट बघत असतील." तिथं ते थांबले. कागदाची घडी घातली. सभागृहात रुमाल निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, "धन्य ती माउली." वहिनी समोर बघत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदरही लावला नाही.

पान तिथं संपत नव्हतं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. पुढं असं होतं, "ती म्हणाली, मग फोन करून सांगा. मी चपला घातल्या. पोरं वाट बघत असतील, हे मी खोटं बोललो. पहिल्या दिवशी कोणी कोणाची वाट बघत नाही. खरं असं की मला भीती वाटते. दादाला नेलं तसं मला नेतील म्हणून मी..." आणि मग पेन घसरल्याची एक रेघ.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. फार वर्षांपूर्वी त्याला हृदयाच्याच ऑपरेशनला मुंबईला नेलं होतं. रेवसला स्वतःच्या पायांनी लाँचवर चढला, भाऊच्या धक्क्याला उतरला, आणि आठ दिवसांनी रस्त्यानं, गाडीत आडवा होऊन परत आला. सर एकदाच बोलले होते त्याबद्दल. तर हे असं होतं. सर मुलांसाठी थांबले नव्हते. सर भ्याले होते. भीती सांगायला त्यांना लाज वाटली, आणि आपल्याकडे कर्तव्याचं कारण दिलं की कुणी पुढं विचारत नाही, उलट पाया पडतात. भ्यालेल्या माणसाला निदान कुणीतरी हाताला धरून नेलं असतं. कर्मयोग्याला कोण नेणार?

सभा संपल्यावर मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. विचारलं, "पुढचं का नाही वाचलंत?" ते रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, शोकसभेत असलं वाचायचं नसतं. माणूस मोठा राहिला पाहिजे. कॉलेजच्या अंकात पण एवढंच छापू." मी म्हटलं, "त्यांनी वर्गात खोटं लिहू दिलं नव्हतं." ते म्हणाले, "आपण कुठं खोटं लिहितोय? आपण फक्त थांबतोय." मी त्यांच्या टेबलावरचा तो कागद उचलला आणि बाहेर पडले. त्यांनी मागून हाक मारली. मी वळले नाही. पण एवढ्यानं मी शूर ठरत नाही. सभेत, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची वेळ होती, तेव्हा मी खुर्चीला चिकटून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी ते पान आणि कपाटातली फाईल घेऊन वहिनींकडे गेले. त्या घरामागच्या वाफ्यात पांढऱ्या कांद्याची रोपं लावत होत्या. म्हणाल्या, "बस. रोपं सुकतील, एवढा वाफा पुरा करते." मी बांधावर बसले आणि आधी पान वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या, हात चालू होते. "भीती वाटते" या शब्दाला हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. मग मी फाईल पुढं केली आणि सांगितलं. कधी आणली, काय लिहिलं होतं, कुठं ठेवली होती.

त्यांनी हातातलं रोप मातीत दाबलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर मना इचारत व्हता, तवा तू बाजूलाच व्हतीस."

"हो."

"आन मी काय बोलले? त्यांना कदी काय झालाच न्हाय. येड्यासारखी."

मी म्हणाले, "वहिनी, त्यांनी शपथ घातल्यासारखं..."

"त्यांनी तुना सांगितलान, मना न्हाय. तू मना सांगितलंस न्हाय. मी दोघांच्या भाकऱ्या करत व्हते." त्या उठल्या, हात झटकले. "जा तू आता."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी घरी आले. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

आठवडाभरात फलकावर सूचना लागली. शिक्षक उपलब्ध नसल्यामुळे लेखनाचा वर्ग या सत्रापुरता स्थगित, विद्यार्थ्यांनी दुसरा विषय निवडावा. ज्या वर्गाची संख्या भरावी म्हणून हा माणूस छातीत कळ घेऊन गावोगाव फिरला, तो वर्ग तीन ओळींत मिटला. त्याच फलकावर, त्या सूचनेच्या वर, सरांचा हसरा फोटो होता आणि खाली "कर्मयोगी". मी ती सूचना वाचली आणि मला पहिल्यांदा सरांचाही इतका राग आला की मी मोठ्यानं बोलले, "बघा. बघा आता." शिपाई माझ्याकडे पाहत राहिला.

त्या गुरुवारी, तासाच्या वेळेला, सानिका आणि आणखी काही मुलं ग्रंथालयात आली आणि वह्या काढून बसली. मी म्हटलं, "बाळांनो, मी शिक्षक नाही. मला हे शिकवता येणार नाही." सानिका म्हणाली, "शिकवू नका. फकस्त दार उघडं ठेवा." मी दार उघडं ठेवलं. प्राचार्यांनी खुलासा मागवला. मी लिहून दिलं की ग्रंथालयात बसून लिहायला बंदी असल्याचा नियम मला सापडला नाही, सापडल्यास कळवावा. अजून कळवलेला नाही.

मुलं काय लिहितात ते मी तपासत नाही. वाचून दाखवलं तर ऐकते. सानिकानं सरांना पत्र लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं, "सर, तुम्ही सांगितलं असतंत की मना बरा वाटत न्हाय, तर आम्ही महिनाभर थांबलो असतो. आमी कुठं जाणार व्हतो? आता तुमचं नाव काढलं की आमाला वाटतं, आमच्यामुळं गेलं. हे तुम्ही बरोबर केलं न्हाय." वाचून झाल्यावर ती म्हणाली, "राग आला म्हणून लिहिलं, मॅडम." मी म्हटलं, बरं केलंस. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर असं ओझं ठेवून जाणं म्हणजे भाग्याचं मरण असेल, तर ते भाग्य कुणाला न लाभो.

गेल्या गुरुवारी तास सुरू होऊन थोडा वेळ झाला होता, आणि दारात मंदावहिनी उभ्या होत्या. शोकसभा सोडली तर इतक्या वर्षांत त्या कॉलेजात कधी आल्या नव्हत्या. हातात पिशवी. मुलं उठून उभी राहिली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. सानिकाला विचारलं, "ते हितं आले की कुठं बसायचं?" सानिकानं खिडकीजवळची हात नसलेली लाकडी खुर्ची दाखवली. दुपारी तास नसला की सर तिथं बसून वाचायचे. वहिनींनी खुर्चीवरून हात फिरवला, धूळ पाहिल्यासारखा, आणि बसल्या. म्हणाल्या, "मना एक कागद द्या."

सातवी झालेली बाई. खूप वर्षांत हिशेबापलीकडे काही लिहिलेलं नाही. एकेक अक्षर दाबून, ओठ हलवत लिहीत होत्या. मुलं आपापलं लिहायचं विसरून त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ गेला. मग त्यांनी कागद उचलला आणि कुणी सांगितलं नसताना वाचायला लागल्या.

"तुम्ही मना सांगाया पायजे व्हतं. मी भ्याले नसते. तुमच्या दादाला लाँचवरून नेला तवा हास्पिटलात त्यांच्या उशाशी मीच बसले व्हते, तुम्ही न्हाय. तुमच्याबी बसले असते. लोक बोलतात सर पोरांसाठी गेलं. मग मी कोण व्हते? मी जा बोलले न्हवते. मी नका जाव बोलले व्हते, ते समद्यांनी आयकला, आन कुणाला काय वाटला न्हाय. मना तुमचा लय राग येतो. सकाळी चहा ठेवताना येतो. आन नंदाताईला मी अजून माफ केलेला न्हाय."

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली, खेळाचा तास चालला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही, कारण माफी मागायचा तो मार्ग मला खोटा वाटला. मी शिपायाला चहा आणायला सांगितलं. चहा आला. मी कप वहिनींच्या समोर ठेवला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

पण त्या उठल्या नाहीत. तास संपेपर्यंत त्याच खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन, मुलं काय वाचतात ते ऐकत बसल्या होत्या.